तळहातावरची कॉलेजं

मिलिंद,

तुझ्या बायकोनं मला मारलं. भंतेजींचं पंचशील म्हणून झालं, लोक एकेक करून पुढे येऊन फुलं वाहत होते, मीही वाहिली आणि वळले तर समोर संध्या. दोन्ही मुठींनी ती माझ्या छातीवर मारत सुटली. "तुमच्यामुळं गेले ते तिकडं. तुमच्यामुळं, ताई." फ्युनरल होमचा सुटातला माणूस दोन पावलं पुढे आला आणि थांबला. सगळ्या मिशिगनमधून आलेली आपली माणसं पांढऱ्या कपड्यांत उभी होती, पण तिला कुणी धरलं नाही. मीही तिचे हात धरले नाहीत. तू शेजारी बंद पेटीत होतास. झाकण उघडणार नाही असं त्यांनी आधीच सांगितलं होतं, आणि का उघडणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

त्याला आज नऊ दिवस झाले. छातीवरचे निळे डाग पिवळे पडलेत. तू मेलास म्हणून आपलं भांडण मिटलं असं समजू नकोस. उलट आता तुला मध्येच फोन आपटता येणार नाही, तेव्हा गुमान ऐक.

मिशिगनच्या लोकांची एक सवय तू पहिल्याच वर्षी उचललीस. इथं कुणाला गाव कुठं म्हणून विचारलं की तो उजवा पंजा स्वतःसमोर उघडून धरतो आणि डाव्या हाताच्या बोटानं त्यावर गाव दाखवतो, कारण या राज्याचा आकारच पंजासारखा. मी आले तेव्हा विमानतळावरच, माझी बॅग पायांत ठेवून, तू पंजा उघडलास. "हे बघ वैशे, अंगठ्याच्या खाली, मनगटाजवळ ॲन आर्बर. मोठी युनिव्हर्सिटी. इथं तळहाताच्या मधोमध दुसरी मोठी. दोघींचं फुटबॉलवरून सासू-सुनेसारखं चालतं. आणि अंगठ्याच्या बेचक्यात आपलं कॉलेज, जिथं तू नि मी शिकवणार."

"आणि बोटांवर?" मी विचारलं.

"बोटांवर जंगल. बर्फ. तिकडं कोण मरायला जातंय?"

हे तुझे शब्द. मी बनवून सांगत नाही.

त्याच्याही आधी तू नागपूरला पत्रं पाठवायचास. त्यात घरची खुशाली दोन ओळी, बाकी सगळी या राज्यातल्या कॉलेजांची यादी. एकेका नावापुढे तुझा शेरा. 'इथून उत्तर येतं.' 'इथला प्रोफेसर खडूस, पण माणूस ओळखतो.' 'इथं आपल्यापैकी कुणी नाही, म्हणून आधी इथंच कर.' वस्तीतल्या किती पोरापोरींनी ती यादी उतरवून घेतली, तुला तरी ठाऊक होतं का? माझ्या पत्राच्या खाली तू लिहिलं होतंस, 'इतकी कॉलेजं आहेत वैशे, एखादं तरी आपल्याला घेईलच.' मला तीन कॉलेजांनी घेतलं. मी आज जिथं उभी आहे ती त्या यादीवर उभी आहे. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण तू आधीच डोक्यावर बसायचास.

आता शाळेचं. ते तुला सांगायला नको, पण सांगते, कारण सगळं तिथूनच आलंय. गणिताचे मास्तर. पुढच्या बाकांवरच्या पोरांना ते कान धरून उठवायचे, पाठीत धपाटा घालायचे, छडीनं हात लाल करायचे. शेवटच्या दोन बाकांवर आपण वस्तीतली पोरं, त्यात मी आणि शेजारच्या घरातला तू. आपल्या बाकांपर्यंत ते कधी आले नाहीत. आपल्याला मारायचं तर डस्टर फेकायचे, लाकडी पाठीचा, आडवा, मनगटाच्या एका झटक्यानं. आणि डस्टर परत आणायला पुढचा पोरगा पाठवायचे. आपल्या हातून तो त्यांच्या हातात जाऊ नये म्हणून. तू नऊ वर्षांचा होतास तेव्हा तो तुझ्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं, आणि तू ओरडला नाहीस. घरी जाताना मला म्हणालास, "मारतात त्याचं काही नाही वं. पण इथपर्यंत चालत येऊन मारायला काय होतं?"

नऊ वर्षांच्या पोराला कळलं होतं ते. म्हणूनच तुझ्यावर माझा एवढा राग.

चार वर्षांपूर्वीचा तो गुरुवार. आपण एका गाडीनं यायचो-जायचो, माझा तास आधी संपायचा, मग मी तुझ्या वर्गात शेवटच्या रांगेत बसून पेपर तपासत तुझी वाट बघायची. माझ्या पुढच्याच बाकावर डॅरिल. डेट्रॉइटचा काळा मुलगा, सव्वासहा फूट, रात्रपाळीला बेकरीत पाव भरायचा आणि तिथून थेट वर्गात यायचा. तुझं कॅल्क्युलस रंगात आलेलं. डॅरिलचं डोकं बाकावर. तू दोनदा हाक मारलीस. मग तुझ्या हातात डस्टर होता, आणि मग नव्हता.

मी तो येताना पाहिला. आडवा, मनगटाच्या एका झटक्यानं. डॅरिलनं नेमकं तेव्हाच डोकं वर उचललं. आवाज आला तो मी अजून ऐकते. त्यानं डोळ्यावर हात दाबला, बोटांमधून रक्त वाहायला लागलं, वहीवर, शर्टावर, जमिनीवर. वर्गातली एक मुलगी किंचाळली. डॅरिल किंचाळला नाही. त्यानं खाली वाकून डस्टर उचलला. सगळी रांग ओलांडून, एका डोळ्यानं बघत, तो तुझ्यापर्यंत चालत आला. डस्टर टेबलावर नीट ठेवला. मग तुला मारलं. पहिल्या ठोशात तुझे पुढचे दोन दात गेले. दुसऱ्यात तू फळ्यावर आपटलास. तिसरा बरगडीवर. चौघांनी मिळून त्याला मागे ओढला, आणि तू खाली बसून रक्ताची थुंकी टाकत मराठीत शिव्या देत होतास.

त्याच्या डाव्या डोळ्याची निम्मी नजर गेली ती गेलीच.

चौकशीला तीन माणसं बसली होती, समोर पाण्याचा जग आणि टेप रेकॉर्डर. गोष्ट अगदी सरळ होती. डस्टर हातातून निसटला असेल, तर डॅरिलनं काही कारण नसताना मास्तरला बडवलं, म्हणजे डॅरिल कॉलेजच्या बाहेर. डस्टर फेकला असेल, तर तू बाहेर. तू म्हणालास, "निसटला. मी हातवारे करत होतो." ओठ सुजलेले, शब्द नीट येत नव्हते. वर्गातली पोरं वह्यांत डोकं घालून बसली होती, कुणी पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं मी.

मला विचारलं. मी म्हणाले, फेकला.

"खात्री आहे?"

"ही फेक मी लहानपणापासून ओळखते."

त्यांना काही कळलं नाही. तुला कळलं. टेबलापलीकडून तू मराठीत म्हणालास, "वैशे, गप बस." हळू म्हणालास, विनवल्यासारखं. मी गप्प बसले नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं.

आणि परत जायला गाडी एकच! तेवढी गंमत आपल्याच नशिबात. बर्फ पडत होतं, तू नव्वदनं पळवत होतास आणि दर मैलाला स्टिअरिंगवर मूठ आपटत होतास. मग रस्त्याच्या कडेला गाडी दाबलीस. "उतर."

"मिलिंद—"

"उतर म्हणतो ना! आपल्या माणसाला बुडवलंस. काहून बोललीस वं? आपण दोघंच आहोत इथं, दोघंच, आणि तू त्यांच्या बाजूनं?"

"कोणाच्या बाजूनं? डॅरिलच्या? तो कोण आहे रे? तो त्या कॉलेजात कुठल्या बाकावर बसतो, बघितलंस कधी?"

तू माझ्या अंगावरून हात घालून दार उघडलंस. मी उतरले. बूट बर्फात रुतत होते, ट्रक अंगावर चिखल उडवून जात होते, मी रडत आणि तुला शिव्या घालत चालत होते. मग तुझी गाडी उलटी, रिव्हर्समध्ये, माझ्या दिशेनं येताना दिसली. तू दार आतून ढकललंस. ॲन आर्बर येईपर्यंत दोघं एक शब्द बोललो नाही. पण हीटरचं तोंड तू माझ्या पायांकडे वळवलंस.

त्यानंतर तुला तळहातावर कुठंच जागा उरली नाही. एका कॉलेजातून दुसऱ्यात फोन गेले असणार. मिळालं ते बोटांवर. करंगळीच्या टोकाशी एक छोटं कॉलेज, तर्जनीच्या टोकाशी दुसरं, आणि मधलं सगळं जंगल आठवड्यातून चारदा ओलांडायचं. संध्याला आणि घराला ॲन आर्बरलाच ठेवून तू तिकडं खोली घेतलीस. आपल्या मंडळींनी मला जयंतीच्या कार्यक्रमाला बोलावणं बंद केलं. एक काकू दुकानात भेटल्या, तोंडावर म्हणाल्या, "शिकून मोठी झालीस, घरभेदी पण झालीस." मी त्यांच्या भाजीच्या ट्रॉलीला लाथ मारली. हो, मारली. राग काही एकट्या तुझ्याच मालकीचा नव्हता.

दीड वर्षानं तुझा फोन आला. रविवारी. "एक इंटिग्रल सुटत नाही," म्हणालास. साफ खोटं. तुला न सुटणारं इंटिग्रल मी पाहिलेलं नाही. मग दर रविवारी फोन, आणि दर रविवारी तेच भांडण. तू म्हणायचास, "एकदा म्हण, मी गप्प बसायला हवं होतं." मी म्हणायची, "एकदा म्हण, मी फेकला." मग दोघंही, "नाही म्हणणार." कधी हसून, कधी फोन आपटून. मला ते भांडण हवंसं वाटायला लागलं होतं, हे आता कबूल करते. रविवारी फोन वाजला नाही तर मला चैन पडायची नाही.

उन्हाळ्यात तू आलास तेव्हा तुझ्या शर्टाची उजवी बाही पांढरीफटक. मी चिडवलं, "तुझ्या कॉलेजात डस्टर नाही का रे?" तू म्हणालास, "गरीब कॉलेज आहे, काय सांगू." मी हसले आणि विसरून गेले.

आता त्या शेवटच्या रविवारचं. तेच सुरू झालं. तू म्हणालास, "तो पोरगा झोपला होता, वैशे. माझ्या बापानं हमाली करून मला शिकवलं, आणि हा माझ्यासमोर झोपतो." का कुणास ठाऊक, त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "तू मास्तर झालास, मिलिंद. आपलाच मास्तर. शेवटच्या बाकापर्यंत चालत जायला तुलाही विटाळ होतो."

मला तुझा श्वास ऐकू येत होता. मग तू फोन ठेवलास, आपटला नाहीस, ठेवलास. मी परत लावला नाही. मला वाटलं, पुढचा रविवार आहेच.

मंगळवारी तू गेलास. शिकारीचा मोसम, बंदुकांच्या आवाजानं हरणं जंगलातून रस्त्यावर उधळतात. शेरीफच्या माणसानं संध्याला सांगितलं, मोठा नर होता, शिंगांचा, काच फोडून तो तुझ्या अंगावरच आला. गाडी झाडावर जाऊन थांबली, आणि हरीण तुझ्यानंतर बराच वेळ जिवंत होतं, पाय झाडत. हे त्यानं कशाला सांगितलं? संध्यानं ते मला सांगितलं, आणि आता रोज डोळे मिटले की मी त्या गाडीत असते.

ते वाक्य घेऊन तू दोन दिवस गाडी चालवलीस. मला तेवढंच दिसतं. लोक म्हणतात मी तुला उत्तरेला धाडलं. ते मी सोसेन, खरं बोलल्याची शिक्षा म्हणून सोसेन. पण ते फोनवरचं वाक्य खरं होतं की नुसतं लागावं म्हणून फेकलेलं, हे मला कळत नव्हतं.

फ्युनरलला डॅरिल आला होता. संध्यानं मला मारलं ते त्यानं दारापाशी उभं राहून पाहिलं. आता तो तिशीकडे झुकलाय, काउंटीच्या रस्त्यांच्या खात्यात आहे. डावा डोळा जरा पांढुरका. बाहेर पार्किंगमध्ये माझ्याजवळ आला. "मी त्यांचे दात पाडले होते," म्हणाला, "म्हणून यावंसं वाटलं." मग त्यानं विचारलं, "ते कधी म्हणाले का? की फेकला म्हणून?"

मी म्हणाले, "नाही."

त्यानं मान हलवली. निरोपाच्या कार्यक्रमाच्या छापील कागदावर स्वतःचा नंबर लिहून दिला. "कधी काही सापडलं तर," म्हणाला.

चौथ्या दिवशी संध्याचा फोन आला. "ताई, या." मी गेले. मारल्याबद्दल ती काही बोलली नाही, मीही नाही. तिनं चहा टाकला. पोलिसांनी डिकीतलं सामान आणून दिलं होतं, पोरांच्या पेपरांचा गठ्ठा आणि तुझा करडा कोट. कोट तिनं मांडीवर पसरला आणि उजवी बाही माझ्याकडे केली. "हा खडू निघत नाही. चार वर्षं धुतेय. हाताला पण भेगा पडल्या होत्या त्यांच्या, तळहाताला, घरी आले की मी रात्री तेल लावून द्यायची. पेपर तेवढे कॉलेजात पोचवाल? मला नाही जाववत तिकडं."

काल मी तर्जनीच्या टोकावर जाऊन आले. तुझ्याच रस्त्यानं गेले. ते झाड बघितलं, थांबले नाही. तुझं कॉलेज म्हणजे विटांची एक लांबट इमारत, मागे सरोवर. ऑफिसातल्या बाईंनी गठ्ठा घेतला, डोळे पुसले, आणि टर्म संपेपर्यंत तास कोण घेणार म्हणून काळजी करत बसल्या. मी म्हणाले, आजचा मी घेते. वर्गाचं दार उघडलं तर फळ्यावर तुझं अक्षर. तुझ्या त्या शेवटच्या सोमवारपासून कुणी पुसलं नव्हतं. अर्ध्या फळ्यावर गणित, आणि उरलेल्या अर्ध्यावर हाताचे पट्टे. पाच बोटांचे, खाली ओढत नेलेले, सगळीकडे.

मी परत ऑफिसात जाऊन बाईंना डस्टर मागितला. त्यांनी टेबलाचा खण ओढला. आत चार डस्टर, नवे, कोरे. "हा त्यांच्या वर्गातला," त्या म्हणाल्या, "आणि बाकीचे त्यांनी शिकवलेल्या इतर वर्गांतले. प्रत्येक वर्गाच्या पहिल्या दिवशीच आणून दिले. शिकारी लोक दाराशी बंदूक ठेवतात ना, तसे. मी विचारलं होतं, हे कशाला? म्हणाले, माझ्या हातात असलेला बरा नाही."

गरीब कॉलेज म्हणे. लबाडा.

मी खण बंद केला आणि वर्गात गेले. नऊ जण आले. तुझं गणित मी जिथं तुटलं होतं तिथून पुढे नेलं, जागा संपली तेव्हा हातानं पुसलं. शेवटच्या रांगेत एक बाई होती, पन्नाशीची, पेट्रोल पंपाच्या जॅकेटमध्येच आलेली. तिचं डोकं हळूहळू खाली गेलं आणि बाकावर टेकलं. मी बघत राहिले. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मग मी खडू ठेवला, बाकांमधून चालत तिच्यापर्यंत गेले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

ती दचकली नाही. डोळे न उघडताच हसली आणि म्हणाली, "उठले, सर." मग मला बघितलं, आणि तिचा चेहरा पडला.

"सॉरी," ती म्हणाली. "ते असंच करायचे. पार इथपर्यंत यायचे, शिकवता शिकवता, आणि हात ठेवायचे. माझ्या सगळ्या जॅकेटांवर त्यांचा हात आहे. एक मी आता धुणार नाहीये."

तास कसाबसा संपवला. ऑफिसातून डॅरिलला फोन लावला आणि हे सगळं, डस्टरपासून जॅकेटपर्यंत, त्याला सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चार वर्षं? हातानं?"

"हातानं."

"ओके," तो म्हणाला. "ओके." आणि फोन ठेवला.

तेव्हा ऐक. मी गप्प बसायला हवं होतं, हे मी म्हणणार नाही. आजही म्हणणार नाही. तू फेकला होतास. पण त्या रविवारी मी जे बोलले ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे तुला ठाऊक होतं, तरी तू ते माझ्या तोंडावर मारलं नाहीस. ते वाक्य मी मागे घेते, मिलिंद. तू मास्तर झाला नाहीस. तू शेवटच्या बाकापर्यंत चालत गेलास.